पारनेरचा फोन

आमच्या वर्गात एकाच नावाच्या तीन मुली होत्या, त्यामुळे हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात नावं मागे पडली आणि गावं चिकटली. मी कोल्हार. माझ्या खोलीत राहायची ती पारनेर. वॉर्डनबाईसुद्धा जेवणाच्या रांगेत "पारनेर कुठं गेली गं?" असं मलाच विचारायच्या, जणू तिला शोधून आणणं हे माझं काम. आणि ती कुठंतरी गेलेली असायचीच. कुणाच्या तरी खोलीत, कुणाच्या तरी पलंगावर मांडी घालून.

आम्ही फूड टेक्नॉलॉजी शिकत होतो. कॉलेज नगरपासून जवळ, चहूबाजूंनी माळ. मी हुशार होते. हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. चारही वर्षं मी पहिली आले. पारनेर एक-दोन विषय मागे ठेवत, ते पुढच्या खेपेला सोडवत, माझ्या वह्या झेरॉक्स करत पुढे सरकत होती. मी प्रयोगशाळेत आम्लता मोजत असायचे तेव्हा ती मेसच्या मावशींशेजारी बसून मेथी निवडत त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी करत असायची. शेवटच्या वर्षाच्या मुली कॉलेज सोडून निघाल्या की ही माळीवाडा स्टँडपर्यंत त्यांना पोचवायला जायची, सामान गाडीत चढवून द्यायची. त्यातल्या कितीतरी जणींशी मी कधी धड बोललेही नव्हते.

मी तिला एकदा विचारलं होतं, "यातून तुला काय मिळतं?"

"मजा येते," ती म्हणाली. "आणि नगरला चक्कर होते."

तेव्हा मला तिची कीव यायची. निकालाच्या दिवशी तर फारच.

पदवी हातात आली तेव्हा माझ्या मार्कांवर मला आमच्याच भागातल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून घेतलं. गावात मोठं कौतुक झालं. वडिलांनी पेढे वाटले. पारनेरला मात्र कुठूनच बोलावणं नव्हतं. पण थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. सुप्याच्या एमआयडीसीत सरबतं आणि फळांचे रस बनवणाऱ्या कंपनीत ती लागली होती. त्या कंपनीत आमच्या वरच्या वर्गातली एक मुलगी होती. तिला पारनेरनं स्टँडवर पोचवलं होतं, आणि नंतर दर सणाला न चुकता फोन केला होता. जागा निघाल्यावर त्या मुलीला पहिली आठवण हिची झाली.

"बघ की, गावाजवळच मिळाली," पारनेर म्हणाली. "घरनं डबा नेता येईल."

मी तिचं अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी तिच्या मागे राहिलेल्या विषयांची उजळणी करत बसले होते. असूया म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या नंबरवर बसणाऱ्याला ती लागत नाही.

कारखान्यातलं माझं काम हंगामापुरतं जोरात चालायचं. उसाच्या रसाचे नमुने, त्यांची तपासणी, पुन्हा नमुने. गाळप संपलं की प्रयोगशाळा सुनीसुनी व्हायची. मग लग्न झालं आणि मी मिरजगावला आले. जिल्हा तोच, पण कोल्हारला प्रवरेचं पाणी आणि इथं आभाळाकडं नजर. सासरी लिंबाची बाग आहे. नवरा चांगला आहे, हेही सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी त्याच्यावर संशय घ्यायला नको. नोकरी सोडायला मला कुणी लावलं नाही. अंतरच एवढं होतं की नोकरीनं आपली आपणच सोडवणूक करून घेतली.

पारनेरचे फोन चालूच राहिले. कंपनीच्या बसमधून उतरून घरी चालत जाताना ती फोन करायची. मागून गाड्यांचे आवाज यायचे आणि तिला बोलताना धाप लागलेली असायची. ती कधीच "काय चाललंय?" असं मोघम विचारत नसे. "तुझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना, आता वाचता येतं का त्यांना?" असं विचारायची. हे तिच्या डोक्यात राहायचं कसं, देव जाणे. रसायनशास्त्रातलं एक सूत्र जिच्या डोक्यात टिकत नव्हतं, तिला माझ्या वडिलांचा कुठला डोळा ते आठवत होतं.

सुरुवातीला मला बरं वाटायचं. मग हळूहळू तिच्या बातम्या मोठ्या होत गेल्या. ती गुणवत्ता विभागात वर चढली. प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली, कसल्याशा प्रदर्शनासाठी हैदराबादला जाऊन आली. तिथं आमच्या वर्गातला एक जण भेटला, त्याच्या ओळखीनं आणखी कुणी भेटलं. माझ्याकडं सांगायला काय होतं? म्हैस व्याली.

"हो का? रेडी का रेडा?" तिनं विचारलं.

तिनं ते इतक्या मनापासून विचारलं की माझा जीव जळाला. ती कंटाळली असती, घाईनं विषय बदलला असता, तर मला तिला नावं ठेवता आली असती. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

मग मी फोन उचलायची टाळाटाळ करू लागले. भाकरी थापत असले की फोन वाजू द्यायचा. तेव्हा सासूबाईंनी तो उचलायला सुरुवात केली. पहिल्यांदा "ती कामात हाय" एवढंच सांगायला. नंतर दोघींचं जमलंच. सासूबाई ओट्यावर बसून गुडघ्याचं दुखणं तिला सांगायच्या आणि मी आत पिठाच्या हातांनी ऐकत राहायचे.

"तुझी मैतरीण लई गुणाची हाय," त्या म्हणायच्या. "तिनं सांगितलं तसं शेकून बगितलं. उतार पडला बग."

तोच शेक मी त्यांना लग्न झाल्या वर्षी सांगितला होता. तेव्हा त्यांनी ऐकला नव्हता.

मी मोबाईलवर तिचं स्टेटस दिसणार नाही अशी व्यवस्था केली. वर्गाचा ग्रुपही गप्प करून टाकला. त्यात तिचंच राज्य होतं. कुणाचं बाळ, कुणाची बढती, कुणाच्या सासऱ्यांचं दहावं, सगळ्याला पहिली दाद तिची. मला वाटायचं, हिला काही कामधंदा नाही का? मग आठवायचं की आहे, आणि माझ्यापेक्षा चांगला आहे.

पावसाळ्यात लिंबाला कुणी विचारत नाही. झाडाखाली पिवळा सडा पडतो आणि तोडायची मजुरीसुद्धा अंगावर येते. एका पावसाळ्यात मी ठरवलं की शिकलेलं कुठंतरी वापरायचं. घरामागं पत्र्याची शेड घातली, फूड लायसन काढलं, गल्लीतल्या दोघी मदतीला आल्या आणि मी लिंबाचं लोणचं आणि स्क्वॅश करायला लागले. पहिला घाणा बिघडला, दुसराही. पण नंतर माल चांगला उतरू लागला. मिरजगावातली दुकानं आणि हायवेवरची हॉटेलं घेऊ लागली. पण एवढ्यावर शेड चालणार नव्हती. कुठंतरी मोठं गिऱ्हाईक हवं होतं.

"तुझ्या मैत्रिणीला फोन कर की," नवरा म्हणाला. "ती वळखती सगळ्यांना."

"माझ्याही ओळखी आहेत," मी म्हणाले.

"मग लाव की फोन."

त्या दुपारी शेडमध्ये बरण्यांच्या शेजारी बसून मी ओळखी शोधायला घेतल्या. पहिला फोन वर्गातल्या एका मुलाला. तो आता चाकणला कारखान्यांची कॅन्टीन चालवणाऱ्या कंपनीत खरेदी बघतो.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. त्याला ओळख लागली नाही. "कोल्हार," मी म्हणाले.

"अरे, टॉपर. बोल बोल. लोणच्याचंच ना?"

मी लोणच्याचं अजून काही बोललेच नव्हते.

"पारनेरनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मागं आली होती इकडं. तुझ्या लोणच्याची बाटली पण दाखवली. नमुना पाठव, बघतो."

बाटली तिच्याकडं कशी गेली ते मला संध्याकाळी कळलं. सासूबाईंनी पारनेर गावच्याच एका पाहुण्याबरोबर धाडली होती. मला न विचारता, आणि मला वाईट वाटेल अशी पुसटशीही कल्पना नसताना.

आणखी दोघांना फोन केला. दोघांनाही माझं सगळं ठाऊक होतं. शेड केव्हा घातली, स्क्वॅश गोड होतंय का आंबट, सगळं. माझी बातमी माझ्याआधी पोचलेली होती, आणि तिच्या तोंडून. काम सोपं झालं होतं हे मला दिसत होतं. पण मला तेव्हा सोपं काम नको होतं. मला एक तरी माणूस असं हवं होतं, की जे फक्त माझ्या ओळखीचं असेल.

असं एक होतं. संगमनेरची एक मैत्रीण. शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून प्रकल्प केला होता. पारनेर त्यात नव्हती. या मैत्रिणीचं माहेरचं दूध संकलन केंद्र होतं आणि तिला बाजार चांगला कळायचा. मी मोठ्या भरवशानं तिला फोन लावला.

तिनं माझा आवाज ओळखला. मग म्हणाली, "इतक्या वर्षांनी. काय काम काढलंस?"

"काही नाही, सहज," मी म्हणाले.

"माझं ऑपरेशन झालं ते कळलं असेल ना तुला?"

"नाही गं. कसलं ऑपरेशन?"

"ग्रुपवर होतं की." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "गर्भाशय काढलं. आता बरी आहे. पारनेर येऊन गेली. दोनदा आली. एकदा तर डबा घेऊन आली, सुप्याहून."

लोणच्याचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. इकडचं-तिकडचं बोलून मी फोन ठेवला. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटली. पण तिच्याआधी जे वाटलं ते हे, की हिलाही पारनेरनं घेतलं. माझ्या हातात एकच होती, तीही.

त्यानंतर वर्गाचं संमेलन आलं. नगरला सावेडीकडं एक हॉल घेतला होता. सगळी जमवाजमव अर्थात पारनेरची. मी जाणार नव्हते, पण सासूबाईंना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझी साडीसुद्धा काढून ठेवली. मी खोक्यात बाटल्या भरल्या आणि एसटीनं नगरला गेले.

पारनेर दारातच उभी होती. थोडी जाड झालेली, केस कापलेले, अंगावर साधा कुडता. तिनं माझ्या हातातलं खोकं घेतलं आणि मला मिठी मारली. मग मागून कुणीतरी आलं, तिनं त्याचंही तसंच स्वागत केलं. मी बघत होते. आत येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तिला शोधत होता. ती प्रत्येकाला त्याच्या घरातल्या एकेका माणसाबद्दल विचारत होती, आणि तिची माहिती हमखास बरोबर निघत होती.

जेवणाआधी तिनं माइक घेतला. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं बोलली. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "ही आमची कोल्हार. आपल्या बॅचची टॉपर. आपण सगळे हिच्या वह्यांवर पास झालोय." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एकानं कौतुकानं विचारलं, "मग आता कुठं असतेस?"

"मिरजगावला."

"नाही, म्हणजे कुठल्या कंपनीत?"

मी काहीतरी उत्तर दिलं. मला तिथून उठून जायचं होतं. ज्या गोष्टीचा मला एकेकाळी गर्व होता, ती तिनं चारचौघांत अशी उजेडात धरली होती की आतली सगळी रिकामी जागा दिसावी. तिनं ते मुद्दाम केलं असं मी त्या क्षणी ठरवूनच टाकलं.

जेवणानंतर हॉलच्या मागं हात धुवायला गेले तर ती तिथंच होती. नळाखाली हात धरून.

"चाकणवाल्याशी बोललीस ना?" तिनं विचारलं. "नमुना आणलायस तर आत्ताच दे त्याला."

"तू सांगितलंस म्हणून घेणार तो," मी म्हणाले.

"घेऊ दे की. घेतल्यावर लोणचं खाणार ना, मला थोडाच खाणार आहे."

ती हसली. मी हसले नाही. मी म्हणाले, "तुझं बरं आहे. आज ना उद्या उपयोगी पडतील म्हणून माणसं सांभाळतेस. मला नाही जमत असं."

तिनं नळ बंद केला. हात पुसायला तिच्याकडं काही नव्हतं. तिनं ओढणीलाच पुसले, एक एक बोट करून.

"हो," ती म्हणाली. "पडतात उपयोगी. मीही पडते. त्यात लपवायचं काय?" मग जरा थांबून म्हणाली, "मला अभ्यास जमत नव्हता गं. पहिल्या वर्षीच कळलं होतं. मला हे जमतं. तू पहाटे उठून घोकत बसायचीस तेव्हा मी तुला कधी म्हटलं का, की तू मार्कांसाठी करतेस म्हणून?"

आत कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली. मी नळापाशी उभी राहिले. ती बरोबर बोलली म्हणून माणूस निवळतो असं थोडंच आहे. परतीच्या एसटीत अंधारून येईपर्यंत मी उत्तरंच जुळवत होते. खोकं तेवढं रिकामं होतं. बाटल्या तिनंच वाटून टाकल्या होत्या.

त्यानंतर तिचा फोन थांबला.

मला वाटलं होतं, सुटले. पण घरात फोन वाजला की मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊ लागले. सासूबाई दोन-तीनदा म्हणाल्या, "पारनेरवाली लई दिसांत बोलली न्हाई. आजारी-बिजारी हाय का?" मी म्हणाले, कामात असेल. ग्रुप मी पुन्हा उघडून पाहिला. ती तिथं होती, सगळ्यांना दाद देत होती. म्हणजे फक्त माझ्यासाठी नव्हती. त्या दिवसांत मी तिच्या नोकरीवर किंवा बढतीवर जळत नव्हते. ज्यांना तिचा फोन येत होता, त्या सगळ्यांवर जळत होते.

चाकणचं काम मात्र चालू झालं. पहिली खेप गेली, दुसरीची मागणी आली.

मग उन्हाळा सुरू होताना एका सकाळी तिचं नाव स्क्रीनवर आलं. मी पहिल्याच रिंगला उचललं आणि लगेच वाटलं, थोडं वाजू द्यायला हवं होतं.

"आज कामासाठीच फोन केलाय," ती म्हणाली.

त्यांच्या कंपनीनं लिंबाचं स्क्वॅश नव्यानं काढलं होतं. ताजं असताना उत्तम लागायचं, पण काही दिवस ठेवलं की कडू व्हायचं. प्रयोगशाळेतले सगळे आकडे बरोबर येत होते. मोठा माल अडकून पडला होता आणि गुणवत्ता तिची जबाबदारी होती.

"लिंबू पिळता कसं?" मी विचारलं.

"नवीन मशिन आलंय. पूर्ण लिंबू आत टाकायचं. रस भरपूर निघतो."

"बिया चिरडत असतील. आणि सालीचा पांढरा भागही. तो कडवटपणा लगेच लागत नाही, रस ठेवला की उतरतो. तापवला की जास्तच. माझे पहिले दोन घाणे असेच गेले होते."

तिनं ते पुन्हा सांगायला लावलं, लिहून घेतलं. मग ती म्हणाली, "येशील का गं? गाडी पाठवते."

मी गेले. तिची कंपनी मी पहिल्यांदाच पाहिली. स्वच्छ फरशी, डोक्याला टोप्या, काचेची तिची केबिन. केबिनच्या दारावर तिच्या नावाची पाटी. हॉस्टेलवर कुणीच न वापरलेलं तिचं खरं नाव. मी ती पाटी दोनदा वाचली. मशिनपाशी गेलो. मी दाब कमी करायला लावला, रस निघाल्या निघाल्या गाळून घ्यायला लावला आणि दोन्ही तऱ्हेचे नमुने बाजूला ठेवले. थोडे दिवस वाट पाहिल्याशिवाय काही कळणार नव्हतं, हेही सांगितलं.

तिचे साहेब आले. मी तिच्याकडं बघत होते, आता ही काय करते. मला खात्री होती की ती म्हणेल, आम्ही शोधून काढलं.

"सर, हिनं सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या बॅचची पहिली. मिरजगावला हिचं स्वतःचं युनिट आहे. तुम्ही हिलाच विचारा, मला सगळं समजलेलं नाही."

आणि ती मागं सरकून उभी राहिली. साहेबांनी मला बरंच विचारलं. मी बोलत गेले. कॉलेज सुटल्यापासून इतकं मी त्या विषयावर कुणाशी बोलले नव्हते. बोलताना मधूनच मी तिच्याकडं बघायचे. दिवसभर मी तिच्यात कुठं तरी एखादी कोती गोष्ट सापडते का ते शोधत होते. नाही सापडली. संध्याकाळी परत निघताना मला तिच्याबद्दल आदर वाटत होता आणि त्यानं जळणं जरासुद्धा कमी झालं नव्हतं. हे दोन्ही एका जागी राहू शकतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

काही दिवसांनी तिनं कळवलं, गाळलेला नमुना कडू झाला नव्हता.

तिथून माझं दुसरं काम सुरू झालं. तिनं कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. राहात्याकडचं पेरूचा गर काढणारं एक युनिट, श्रीगोंद्याकडचं लोणच्याचंच एक. मी आठवड्यातून एखादा दिवस बाहेर पडते, त्यांच्या अडचणी बघते. शेड आता नवरा आणि त्या दोघी सांभाळतात. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या सूनबाईला लोक गाडी धाडून बोलवत्यात."

मग मी संगमनेरला गेले. राहात्याहून परत येताना वाट वाकडी करून. मैत्रीण दारात आली, माझ्याकडं आणि माझ्या हातातल्या बरणीकडं बघून म्हणाली, "विकायला आणलीस होय?"

"खायला आणली," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. चहा होईपर्यंत ती माझं काम बाहेर पडायची वाट बघत होती. मी तिच्या तब्येतीचं विचारलं. ती आधी तुटक बोलली, मग सविस्तर. प्रकल्पाच्या वेळी आम्ही दह्याचं भांडं कसं फोडलं होतं ते तिनं सांगितलं आणि तिच्या लेकीनं आतून येऊन ऐकलं. मी उठले तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "खरंच काही काम नव्हतं?"

"नव्हतं."

पुढं मी तिला अधूनमधून फोन करत राहिले. मला ते पारनेरसारखं सहज येत नाही. फोन लावण्याआधी काय विचारायचं ते मी मनात ठरवून घेते, आणि कधी कधी ठरवलेलं विसरून पावसापाण्यावरच बोलत बसते. तरी करते.

परवा संगमनेरहून तिचा फोन आला. तिची नणंद एका कॉलेजात शिकवते. तिथं मुलांना उद्योगाबद्दल सांगायला कुणीतरी अनुभवी हवं होतं. तिनं नणंदेला माझं नाव दिलं होतं. माझंच का, हे मी विचारलं नाही, पण मनात आलं होतं. असल्या कामाला आमच्या वर्गात पहिलं नाव पारनेरचंच निघतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी पारनेरचा फोन आला. ती चालत होती, मागून ट्रकचे आवाज येत होते. मी तिला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मधे मधे तिची धाप ऐकू येत होती, ती एकदम बंद झाली. ती चालायची थांबली असावी.

"संगमनेरनं?" ती म्हणाली. "मला काही बोलली नाही ती."

"अगं, आत्ताच ठरलं."

"काल तर बोलणं झालं आमचं." आणि मग एका श्वासात, "छान झालं. काय बोलणार आहेस? मशिनचं सांग मुलांना."

मी म्हणाले, सांगेन. पण ते मधलं वाक्य मी ऐकलं होतं. तिच्या आवाजातला तो जरासा आखडलेला सूर मला अनोळखी नव्हता. इतकी वर्षं जळताना तोच माझ्या आवाजात होता. तिचा सरळ झाला, लगेच, दोन वाक्यांत. माझा नाही झाला कधी. तरी तिच्या आवाजात तो होता, आणि मी तो जपून ठेवला. भाकरी करताना मी गुणगुणत होते म्हणे. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तेव्हा मी त्याला सांगून टाकलं.

तो ताटावर बसलेला. घास हातात धरून हसला. "मग झाली का आता फिट्टंफाट?"

"कशाची फिट्टंफाट," मी म्हणाले. "तिला एक वाक्यभर वाटलं."

"मग आनखी किती वाटाय पायजे?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. सासूबाई आतून विचारत होत्या, पारनेरवालीचा फोन होता ना, मला का दिला नाही. उद्या करते, मी म्हणाले. उद्या मीच लावते.